घड्याळ बरोबर पण टाईमझोन चूक: आमच्या दुकानातल्या कम्प्युटरची भानगड

आमचं दुकान यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडसमोर पानठेल्याला लागून आहे. झेरॉक्स, सातबारा, ऑनलाईन फॉर्म, आधारची प्रिंट, जे येईल ते. दुकानात तीन कम्प्युटर, त्यातला एक नागपूरहून सेकंडहँड आणलेला, विंडोज सेव्हनवाला, आणि त्याला एक खोड होती. आठवड्यातून एकदा तरी सकाळी दहाला दुकान उघडलं की हा गडी रात्रीचे साडेआठ दाखवायचा, आणि तारीख कालची. दुकानातला पोट्टा मग खाली कोपऱ्यात क्लिक करून वेळ सरळ करायचा, "भाऊ, याले पुन्हा कालची रात्र आठवली" म्हणायचा आणि कामाला लागायचा. सेल गेला असेल म्हणून मदरबोर्डवरचा तो बटनासारखा २०३२ नंबरचा सेल बदलला, फरक शून्य.

मग मार्च लागला आणि एक दिवस पोट्टा म्हणे, "भाऊ, आज साडेनऊ दाखवून राह्यला. दरवेळी तं साडेआठ दाखवते." आम्ही कोणी हात लावला नव्हता. त्याच आठवड्यात जिनिंगचे मुनीमजी बिलाची प्रिंट काढायला आले, ते वेगळंच घेऊन बसले, की शिकागोचा सोयाबीनचा बाजार इतके दिवस आपल्या रात्री आठला उघडायचा, आता सातलाच उघडून राह्यला, मोबाईल बिघडला का पाह्य जरा. मी त्यांचा मोबाईल पाहिला, मोबाईल एकदम ठीक. दोन्ही भानगडींचं मूळ एकच आहे हे डोक्यात यायला मला दोन दिवस लागले, आणि ते एकदा समजलं की टाईमझोन नावाचं प्रकरण बरंचसं समजतं, म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट ही, की कम्प्युटरच्या पोटात सकाळ-दुपार असं काही नसतं. त्याच्याकडं असते एक मोजणी. बऱ्याचशा सिस्टीम १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले ते मोजत बसतात, विंडोजचा आरंभ वेगळा आहे पण प्रकार तोच. ही मोजणी सगळ्या जगासाठी एकच, तिला यूटीसी म्हणतात, म्हणजे जगाची सामाईक वेळ. स्क्रीनवर जे दहा वाजून पाच मिनिटं दिसतात ते ऐनवेळी काढलेलं उत्तर असतं. मोजणी घेतली, त्यात टाईमझोनचा फरक मिळवला, दाखवलं. कापसाचा ढीग तोच असतो, तुम्ही तो क्विंटलमध्ये सांगा का खंडीत, तसंच.

आता आमच्या मशीनमध्ये काय झालं होतं ते पाहा. ज्यानं विंडोज टाकलं त्यानं टाईमझोन बदललाच नाही, तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा, पॅसिफिक टाईम, तसाच राहिला. असे कम्प्युटर गावोगावी शेकड्यानं सापडतील, कारण इन्स्टॉल करताना नुसतं नेक्स्ट नेक्स्ट करत गेलं की हेच होते. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढं, त्यांची हिवाळ्यात आठ तास मागं, म्हणजे फरक साडेतेरा तासांचा. सकाळचे दहा वजा साडेतेरा तास बरोबर काल रात्रीचे साडेआठ. म्हणजे मशीन खोटं बोलतच नव्हतं, ते बिचारं कॅलिफोर्नियातली खरी वेळ सांगत होतं. पोट्टा काटे फिरवून दहा करायचा, तेव्हा मशीनला वाटायचं की कॅलिफोर्नियात सकाळचे दहा वाजले, म्हणजे पोटातली मोजणी साडेतेरा तास पुढं पळायची. विंडोज सेव्हन आठवड्यातून एकदा इंटरनेटला वेळ विचारते, विचारलं की मोजणी पुन्हा जागेवर, आणि आमच्या काचेवर पुन्हा कालची रात्र.

इथं एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. इंटरनेटवरून जी वेळ येते ती फक्त यूटीसी येते. तुम्ही यवतमाळात आहा का टोकियोत, हे वेळ सांगणाऱ्या सर्व्हरला माहीत नसते आणि त्याला त्याचं काही पडलेलंही नसते. त्यामुळं "मी तर ऑटोमॅटिक वेळ चालू ठेवली आहे" असं म्हणून झोन दुरुस्त होत नाही, त्या दोन वेगळ्या सेटिंग आहेत. मोबाईलमध्ये टॉवरवरून झोनही मिळतो म्हणून मोबाईलवाल्यांना हा त्रास कमी. डेस्कटॉपला टॉवर कुठला.

पण घड्याळ तर बरोबर दिसायचं ना, मग बिघडलं काय? लय बिघडायचं. स्कॅन केलेली फाईल फोल्डरमध्ये आजची दहा वाजताची दिसायची, आणि मधातच वेळ सिंक झाली की घड्याळ म्हणायचं काल रात्रीचे साडेआठ, म्हणजे फाईल जन्माला यायच्या आधीच तिची प्रिंट निघालेली. आऊटलुकसारख्या प्रोग्राममधून सकाळी दहाला मेल पाठवला की पुण्यातल्या माणसाला तो त्याच दिवशीच्या रात्री साडेअकराचा दिसायचा, अजून न आलेल्या रात्रीचा. काही खात्यांना दर तीस सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड लागतो (एसएमएसचा ओटीपी नाही, ॲपमध्ये तयार होतो तो), तो कोड पोटातल्या मोजणीवरूनच निघते, काचेवरच्या आकड्यावरून नाही. मोजणी चुकली की कोड चुकला, मग माणूस बँकेला शिव्या देत बसतो.

आता मार्चमध्ये साडेआठचे साडेनऊ कसे झाले? अमेरिकेत बहुतेक भागात मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढं करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागं घेतात, उन्हाळ्यात संध्याकाळचा उजेड जास्त मिळावा म्हणून. आपल्याकडं अकोल्याच्या उन्हाळ्यात संध्याकाळचा उजेड आणखी तासभर पाहिजे असं म्हणणारा माणूस मला तरी भेटला नाही, पण त्यांच्याकडं चालते. तर आमचं मशीन स्वतःला कॅलिफोर्नियात समजत असल्यामुळं त्यानंही त्यांच्यासोबत तासभर उडी मारली, फरक साडेतेराचा साडेबारा झाला. आणि शिकागोचा सोयाबीनचा दिवसाचा बाजार तिथल्या सकाळी साडेआठलाच उघडते, बाराही महिने, पण तिथले साडेआठ म्हणजे हिवाळ्यात आपले रात्रीचे आठ आणि उन्हाळ्यात सात. मुनीमजींचा मोबाईल शहाणा होता.

हे झालं अमेरिकेचं. युरोपात हाच प्रकार मार्चच्या शेवटच्या रविवारी होतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी उलटा. म्हणजे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे असे असतात की अमेरिका सरकलेली आणि युरोप अजून जागेवर. शेजारच्या गावातल्या एका पोरीची जर्मनीतल्या कंपनीची ऑनलाईन मुलाखत होती, तिथल्या सकाळी दहाची. तिनं मार्चच्या मध्यात पाहून ठेवलं होतं की फरक साडेचार तासांचा, म्हणून वहीत दुपारचे अडीच लिहिले. मुलाखत होती शेवटच्या रविवारनंतरच्या सोमवारी, तोवर फरक साडेतीन तासांचा झाला होता आणि मुलाखत दीडला होऊन गेली. (त्यांनी दुसरी तारीख दिली नंतर, भले लोक होते.) तिची चूक इतकीच की तिनं आकडा लिहून ठेवला. बरेच सॉफ्टवेअर लिहिणारेही नेमकी हीच चूक करतात.

झोन हा आकडा नाही, तो एक नियमांचा गठ्ठा आहे. "यूटीसी अधिक साडेपाच" हा आकडा झाला. "एशिया/कोलकाता" हे झोनचं नाव झालं, आणि त्या नावामागं अख्खा इतिहास बांधलेला असतो, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत त्या भागातली घड्याळं काय दाखवत होती त्याचा. दिल्ली नाही, मुंबई नाही, कोलकाताच का असं विचाराल तर झोनला नाव द्यायची पद्धत तिथल्या मोठ्या शहराचं नाव घ्यायची आहे, आणि भारताच्या वाट्याला ते आलं. जुन्या सिस्टीममध्ये कलकत्ता असं जुनं स्पेलिंगही दिसते, दोन्हीचा अर्थ एकच.

आता तुम्ही म्हणाल आपल्याकडं कुठं काय बदलते, भारताचा एकच झोन, कायमचे साडेपाच तास. हे अर्धंच खरं आहे. १ जानेवारी १९०६ पासून ही प्रमाणवेळ सुरू झाली, साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून, ती रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. त्याआधी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची, मुंबईची वेळ आणखी वेगळी, आजच्या प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागं. आणि मुंबईकरांनी ती लवकर सोडली नाही, १९०६ नंतरही कित्येक वर्षं शहराच्या घड्याळात मुंबई टाईमच. सूर्याचं म्हणाल तर तो आजही प्रमाणवेळ पाळत नाही, नागपूरला तो सरासरी बारा वाजून चौदा मिनिटांनी डोक्यावर येतो, बुलढाण्याला बारा पंचविसाच्या आसपास, म्हणजे गडचिरोलीच्या पाव तास मागून. तरी तिन्ही ठिकाणच्या घड्याळात एकाच वेळी बारा वाजतात, कारण झोन सूर्य ठरवत नाही, सरकार ठरवते.

आणि दुसऱ्या महायुद्धात सरकारनं तो बदललाही. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारतातली घड्याळं एक तास पुढं होती, यूटीसीच्या साडेसहा तास पुढं. हे मला कळलं ते कुंडलीच्या नादात. आमच्या आज्याचा जन्म १९४४ चा, पहाटेचा, वेळ लिहून ठेवलेली स्टेशनच्या घड्याळावरून, कारण गावात दुसरं भरवशाचं घड्याळ नव्हतंच, शकुंतला रेल्वे आली-गेली त्यावर लोक वेळ सांगायचे. तीच वेळ एका कुंडलीच्या ॲपमध्ये टाकली तर एक लग्न (म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवणारी रास) आलं, दुसऱ्यात टाकली तर वेगळं. आजी म्हणे मशीनले काय समजते. खरं कारण असं की एका ॲपला युद्धातला तास माहीत होता, दुसऱ्यानं सरसकट साडेपाच धरले होते. लग्न साधारण दोन तासांनी बदलते, तिथं एका तासाची चूक म्हणजे अर्धं काम झालं. कुंडली मानायची का नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण गणित चुकलं ते चुकलंच.

तर हा जगभरचा इतिहास आणि नियम लिहून कोण ठेवतं? एक सामाईक डेटाबेस आहे, त्याला टीझेड डेटाबेस म्हणतात. १९८० च्या दशकात आर्थर डेव्हिड ओल्सन या अमेरिकन माणसानं तो सुरू केला, पुढं बरीच वर्षं पॉल एगर्ट तो सांभाळत आले, बाकी जगभरातले लोक फुकटात खबर पुरवतात, की अमुक देशानं वेळ बदलली, हा घ्या सरकारी आदेश. गंमत म्हणजे २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका ज्योतिष सॉफ्टवेअरच्या कंपनीनं ह्याच डेटाबेसवरून ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर खटला भरला, जुनी माहिती आमच्या पुस्तकातून घेतली म्हणून. पुढच्या वर्षी तो मागं घेतला. २०११ पासूनच डेटाबेसचं घर आयएएनए या संस्थेकडं आहे, जी इंटरनेटचे पत्ते-नंबर सांभाळते. अँड्रॉईड, आयफोन, लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी सिस्टीम), जावा (प्रोग्राम लिहायची भाषा), बहुतेक वेबसाईटी, सगळ्यांच्या पोटात हाच डेटाबेस आहे. विंडोज मात्र स्वतःची वेगळी वही ठेवते.

हा डेटाबेस म्हणजे पंचांगासारखा समजा. नवीन पंचांग घरात आलं नाही तर भिंतीवरचं गेल्या वर्षीचं पंचांग काही गप्प बसत नाही, ते तितक्याच ठामपणे चुकीची तिथी सांगते. फरक एवढाच की पंचांग गणितानं पाच वर्षं आधी काढता येते, आणि टाईमझोन कोणत्या देशाचा मंत्री उद्या सकाळी उठून काय ठरवेल यावर. लेबनॉनचा किस्सा आहे २०२३ चा. त्यांच्याकडं २६ मार्चला घड्याळ पुढं करायचं होतं, तर जेमतेम तीन दिवस आधी सरकारनं सांगितलं की रमजान होईपर्यंत थांबा. अर्ध्या लोकांनी ऐकलं, अर्ध्यांनी नाही, एकाच देशात दोन वेळा चालू झाल्या, आणि लोकांचे मोबाईल आधीच आपोआप पुढं सरकलेले. डेटाबेसवाल्यांनी धावपळ करून २०२३बी ही आवृत्ती काढली, तर दोन-चार दिवसांत सरकारनं निर्णयच फिरवला, मग लगेच २०२३सी. सामोआ नावाच्या बेटांच्या देशानं तर २०११ मध्ये ३० डिसेंबर हा अख्खा दिवसच गाळला, गुरुवारी रात्री झोपले आणि उठले ते थेट शनिवारी, कारण त्यांना व्यापारासाठी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या तारखेसोबत जायचं होतं. कझाकस्ताननं १ मार्च २०२४ पासून सगळा देश एका वेळेवर आणला. मेक्सिकोनं २०२२ मध्ये बहुतेक भागात उन्हाळी वेळ बंद केली. दरवर्षी असं कुठं ना कुठं काही चालूच असते.

म्हणून झोन एकदा बरोबर लावला की काम संपलं असं नाही, त्यामागची नियमांची वही पण ताजी पाहिजे. ती सिस्टीमच्या अपडेटमधून येते. विंडोज सेव्हनचे अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाले, विंडोज टेनचे साधारण अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला. म्हणजे आमच्या त्या मशीनची वही २०२० मध्ये गोठलेली, मेक्सिकोतली वेळ विचारली तर ते आजही जुनंच सांगेल. अँड्रॉईड दहापासून पुढं ही वही गूगल प्ले सिस्टीम अपडेटमधून वेगळी येऊ शकते, त्याआधीच्या मोबाईलला कंपनी पूर्ण अपडेट देईल तेव्हाच, म्हणजे बहुतेक कधीच नाही. आणि एकाच सर्व्हरवर वह्या किती असतात पाहा, लिनक्सची वेगळी, जावा आपली प्रत स्वतः बाळगते, मायएसक्यूएल हा माहिती साठवायचा प्रोग्राम झोनची टेबलं आपल्याकडं भरून ठेवतो, ती हातानं ताजी करावी लागतात. एक अपडेट केली आणि दुसरी राहिली की एकाच मशीनवर दोन उत्तरं. घरी बसून कंपनीचं काम करणारी जी पोरं आहेत त्यांनी एवढं तरी तपासावं.

त्याच पोरांसाठी आणखी थोडं. होऊन गेलेली गोष्ट, म्हणजे पैसे कधी जमा झाले, फॉर्म कधी भरला, ती यूटीसीत साठवा, ती आता बदलणार नाही. पण पुढची गोष्ट, म्हणजे आठ महिन्यांनंतरची बर्लिनमधली मीटिंग, ती तिथली स्थानिक वेळ आणि झोनचं नाव अशी साठवा, "सकाळी दहा, युरोप/बर्लिन". कारण मधात तिथल्या सरकारनं नियम बदलला तर माणसं दहालाच येतील, तुमचा यूटीसीतला आकडा मात्र नऊ नाहीतर अकरा दाखवेल. आणि आयएसटी असं नुसतं तीन अक्षरात लिहू नका, भारताचंही आयएसटी, इस्राएलचंही आयएसटी आणि आयर्लंडचंही.

दुकानातल्या मशीनचं आम्ही काय केलं तर काटे फिरवायचे बंद केले. वेळेवर क्लिक करून चेंज टाईमझोनमध्ये गेलो आणि लांबलचक यादीतून (यूटीसी+०५:३०) चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली हे निवडलं. तिथंच खाली श्री जयवर्धनेपुरा असंही एक साडेपाचवालं आहे, पोट्ट्यानं तेच दाबलं होतं आधी, चालेल ना म्हणे. दिसायला आज सारखंच, पण ते श्रीलंकेचं, त्यांची वेळ १९९६ ते २००६ या काळात आपल्यापेक्षा पुढं होती आणि उद्या त्यांनी पुन्हा बदलली तर आपलं दुकान त्यांच्यासोबत जाईल. झोन लावल्यावर इंटरनेटवरून एकदा वेळ घेतली, सिंक झाली, दहाचे दहाच राहिले. नव्या विंडोजमध्ये झोन ऑटोमॅटिक ठरवायचं बटन असते, पण ते लोकेशनवर चालते, आणि आमच्याकडं इंटरनेट कुठून कुठून फिरून येते देव जाणे, म्हणून झोन हातानं आणि वेळ ऑटोमॅटिक, असं ठेवलं आहे. ज्यांनी एका मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकलं त्यांना बरोबर साडेपाच तासांचा झटका बसतो, कारण एक जण मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितो आणि दुसरा यूटीसी, तिथं दोघांपैकी एकाला समजवावं लागते. आणि तारीख थेट कित्येक वर्षं मागं गेली असेल, कोणतीच वेबसाईट उघडत नसेल, तर तो मात्र सेलच. लाईट जाऊन-येऊन आमच्याकडं ते सेल लवकर मरतात.

मुनीमजींना हे सगळं सांगितलं नाही, ते ऐकतही नाहीत. त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे पुन्हा आठला कधी उघडन?" मी म्हटलं नोव्हेंबरचा पहिला रविवार झाला की सोमवारपासून. त्यांनी आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर उलटून नोव्हेंबर काढला, त्या सोमवारच्या चौकोनात बॉलपेननं मोठा आठ लिहिला, आणि प्रिंटचे दहा रुपये उधारीत मांडायला सांगून गेले.